डोळ्यातल्या रक्ताचे दोन फोटो: सिकलसेलमध्ये दोन्ही का लागतात

डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावरून अंगणवाडी सेविका लिहितात: "माझा मुलगा 14 वर्षांचा, वजन 38 किलो. त्याला सिकलसेल आहे, रिपोर्टवर एसएस लिहिलंय, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला. हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे आणि वर्षभरात दुखण्याचा मोठा झटका आला नाही. शिबिरात नजर 6/6 निघाली. तरी मुंबईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून बघितलं आणि कडेला पांढऱ्या तारेसारख्या वाहिन्या दिसतात म्हणाले. मग मशिनवर डोळ्यातल्या रक्ताचा फोटो काढला, ओसीटी अँजिओग्राफी. त्यात कानाकडच्या बाजूला थोडी काळी जागा आहे. आता हातात पिवळा रंग टोचून पुन्हा फोटो काढायचा म्हणतात. एक फोटो झाला असताना दुसरा कशाला? रंगाने किडनी बिघडते, कावीळ होते असं इकडे बोलतात. शिवाय 11 वर्षांच्या मुलीला शाळेतल्या तपासणीत वाहक ठरवलंय. तिचंही हे सगळं करायचं का?"

ताई, रंगाची तपासणी करून घ्या. तुमच्या डॉक्टरांनी ती विनाकारण सांगितलेली नाही. पहिल्या फोटोत जे दिसलं त्यापेक्षा वेगळी गोष्ट त्यांना दुसऱ्यात बघायची आहे, आणि ती पहिल्या फोटोत दिसूच शकत नाही. मुलीला सध्या यातलं काही लागणार नाही. तिच्या रक्ताची मात्र एक तपासणी राहिली असण्याची शक्यता आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

आधी त्या 6/6 बद्दल, कारण शिबिरानंतर घरोघरी इथेच फसगत होते. तक्त्यावरची अक्षरं वाचताना डोळा आतल्या, मागच्या पडद्याच्या अगदी मधला ठिपका वापरतो. सिकलसेलचा त्रास सुरू होतो तो पडद्याच्या कडेला. चिकूच्या वाडीत पाटाचं पाणी कमी पडलं की मुळाकडची झाडं हिरवी राहतात आणि टोकाची आधी सुकतात, तसंच हे. डोळ्याच्या नसेतून रक्तवाहिन्या आत शिरतात, फाटे फुटत फुटत बारीक होतात आणि कडेला संपतात. ती नस नाकाच्या बाजूला असते, म्हणून कानाकडची कड तिच्यापासून सगळ्यात लांब पडते. विळ्यासारख्या झालेल्या ताठ पेशी त्या बारीक टोकांत अडकतात. पांढऱ्या तारेसारख्या दिसल्या त्या अशाच बंद पडलेल्या वाहिन्या. कड सुकली तरी मधला ठिपका शाबूत असतो आणि पोरगा शेवटची ओळ वाचून दाखवतो.

दुखण्याचा झटका नाही म्हणजे डोळाही ठीक, असंही धरू नका. हाडांतलं दुखणं आणि पडद्यातला बिघाड यांची गाठ नसते. शांत दिसणाऱ्या मुलांतही पडद्यावर नव्या वाहिन्या सापडतात. म्हणूनच दुखणं असो-नसो, दहाव्या वर्षापासून बाहुली मोठी करून पडदा बघायचा आणि सगळं ठीक निघालं तर दर एक-दोन वर्षांनी पुन्हा बघायचा, अशी पद्धत आहे.

आता तुमच्याकडे असलेला फोटो. ओसीटी अँजिओग्राफीचं मशीन डोळ्यात काही टोचत नाही की घालत नाही. डोळ्याला जेमतेम दिसणारा, लालच्या पलीकडचा प्रकाश ते पडद्याच्या एकाच रेषेवर दोन किंवा जास्त वेळा फिरवतं. या दोन फेऱ्यांमध्ये सेकंदाचा काही हजारावा भाग एवढंच अंतर असतं. दोन्ही वेळा जे तसंच राहिलं ते स्थिर, म्हणून गाळलं जातं. जे बदललं ते हलणारं, म्हणजे वाहिनीतून सरकणाऱ्या रक्तपेशी. ते पांढरं दिसतं. अशा शेकडो रेषा जोडून केशवाहिन्यांची जाळी उभी राहते. म्हणजे हा हालचालीचा नकाशा आहे. रक्त तिथे आहे पण फार हळू चाललंय, तर मशीन त्याला "नाही" म्हणून काळं दाखवतं.

सिकलसेलमध्ये हे फार महत्त्वाचं ठरतं. पेशी अडकतात, सुटतात, पुन्हा अडकतात. आज काळी दिसलेली बारीक केशवाहिनी थोड्या वेळाने काढलेल्या फोटोत भरलेली दिसू शकते. एकाच फोटोतल्या एका काळ्या ठिपक्यावरून जागा मेली असं ठरवू नये. त्याच बैठकीत, दहा-पंधरा मिनिटांनी, त्याच मापाचा दुसरा फोटो काढायला सांगा. दोन्हींत काळी राहिली तर ती जागा खरोखर उपाशी असल्याची शक्यता वाढते. सोबत त्याच मशिनवरचा पडद्याच्या जाडीचा नकाशा मागा. जिथे रक्त कायमचं थांबलं तिथे पडदा पातळ होतो आणि नकाशावर ती जागा निळसर उमटते. काळी जागा आणि पातळ जागा एकमेकींवर बसत असतील तर तो जुना, पक्का बिघाड.

काळी जागा कानाकडेच का आली, तेही सांगतो. मधल्या ठिपक्याला रक्त वरून येणाऱ्या आणि खालून येणाऱ्या अशा दोन कमानींतून मिळतं. त्या ठिपक्याच्या कानाकडच्या बाजूला एका आडव्या रेषेवर दोन्हींची टोकं येऊन संपतात. दोन पाटांच्या मधल्या बांधावरची झाडं म्हणा ना. इकडूनही पाणी जेमतेम, तिकडूनही जेमतेम. केशवाहिन्यांच्या थरांपैकी खोल थर इथे सहसा आधी विरळ होतो. रिपोर्टमध्ये उजव्या डोळ्याच्या चित्रात कानाकडची बाजू डावीकडे असते आणि डाव्या डोळ्याच्या चित्रात उजवीकडे. हे ध्यानात ठेवलं की चित्र उलटं वाचलं जात नाही.

हा फोटो बिघडतोही लवकर, म्हणून मशिनसमोर बसण्याआधी मुलाला समजावून सांगा. हनुवटी आणि कपाळ टेकवून ठेवायचं, आतल्या खुणेकडे बघायचं, डोळे दोनदा मिचकावून मग काही सेकंद उघडे धरायचे, श्वास नेहमीसारखा चालू ठेवायचा. डोळा कोरडा असेल तर आधी कृत्रिम अश्रूंचा एक थेंब घालून घ्यावा. डोळा हलला तर चित्रात आडव्या पांढऱ्या रेघा येतात किंवा वाहिनी मध्येच तुटून बाजूला सरकल्यासारखी दिसते. डोळ्यातला तरंगता ठिपका आड आला तर सगळ्या थरांत एकाच जागी सारखी काळी सावली पडते. ती बंद वाहिनी नव्हे. वरच्या थरातल्या मोठ्या वाहिन्यांचा ठसा खालच्या थरावर उमटतो, तोही खरा नसतो. कागदावर चित्राच्या दर्जाचा आकडा छापलेला असतो. ज्या मशिनवर तो 10 पैकी दाखवतात तिथे 7 च्या खाली असेल तर फोटो पुन्हा काढून मागा, संकोच करू नका. दरवर्षीची तुलना करायची तर मशीन तेच आणि माप तेच हवं. 3 बाय 3 मिलिमीटरचा फोटो 6 बाय 6 च्या शेजारी ठेवून "वाढलं की कमी झालं" ठरवता येत नाही, कारण मोठ्या मापात बारीक केशवाहिन्या पुसट होतात.

आणि माप म्हटलं की तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. 3 बाय 3 मिलिमीटर म्हणजे पडद्याचा एक टक्काही नाही. 6 बाय 6 घेतला तरी आपण वाडीच्या मधोमध उभे आहोत, कुंपण दिसत नाही. जास्त रुंद फोटो काढणारी मशिनं आता आहेत, पण कुठल्याही ओसीटी अँजिओग्राफीला एक गोष्ट दाखवता येत नाही: वाहिनी गळते की नाही.

मुलाच्या बाबतीत सगळा निर्णय या गळण्यावर अडलाय. गोल्डबर्ग नावाच्या डॉक्टरांनी 1971 मध्ये सिकलसेलच्या पडद्याचे पाच टप्पे मांडले, ते आजही वापरतात. पहिल्यात कडेच्या बारीक धमन्या बंद होतात. दुसऱ्यात धमनी आणि शीर यांच्यात आडवाटेने जोड तयार होतात. तिसऱ्यात, रक्त पोचतं आणि पोचत नाही त्या सीमेवर, उपाशी पडद्याच्या हाकेने नव्या नाजूक वाहिन्या फुटतात. चौथ्यात त्या फुटून डोळ्याच्या आतल्या जेलीत रक्त सांडतं आणि पाचव्यात पडदा सुटतो. तिसऱ्या टप्प्यातल्या वाहिन्यांचा झुपका पंख्यासारखा पसरतो. जाळ्यात कधीमधी अडकून येतो त्या पंख्यासारख्या प्रवाळावरूनच डॉक्टर त्याला "सी फॅन" म्हणतात.

तुमच्या मुलाचा पहिला टप्पा नुसत्या तपासणीत दिसलाय. तो दुसऱ्यात आहे की तिसऱ्यात पोचलाय, हे आता कळायला हवं. दुसऱ्या टप्प्यातले जोड आणि तिसऱ्यातला लहानसा पंखा साध्या फोटोत सारखेच वाटू शकतात. रंग सोडला की फरक उघडा पडतो. जोडातून रंग गळत नाही. नव्या वाहिन्यांतून तो भसाभस बाहेर झिरपतो आणि शेवटच्या फोटोत ती जागा धुकट पांढरी चमकते. दुसऱ्या टप्प्याला नुसतं लक्ष ठेवणं पुरतं. तिसऱ्यात कदाचित लेझर लागतो.

फोटो काढणार ते मशीन कुठलं, हे नक्की विचारा. साधा पडद्याचा कॅमेरा एका वेळी 45 अंशांच्या आसपास बघतो. अतिरुंद कॅमेरा एका फोटोत 200 अंश, म्हणजे पडद्याचा सुमारे 82 टक्के भाग टिपतो. सिकलसेलसाठी दुसराच हवा. तो नसेल तर साध्या कॅमेऱ्याने मुलाला वर, खाली, नाकाकडे, कानाकडे बघायला लावून कडेचे फोटो घेता येतात, पण ते काढायलाच हवेत. मधलाच फोटो काढून "नॉर्मल" लिहिलेला कागद सिकलसेलच्या मुलाच्या कामाचा नाही.

आता त्या पिवळ्या रंगाविषयी. त्याचं नाव फ्लुरोसीन. डोळ्याच्या फोटोसाठी तो 1961 पासून वापरात आहे. सीटी स्कॅनला शिरेतून देतात ते आयोडीनवालं औषध वेगळं. किडनीला जपायला सांगतात ते मुख्यतः त्याच्यासाठी. फ्लुरोसीन लघवीवाटे बाहेर पडतं, पण त्याने किडनी बिघडते असं नाही. किडनी आधीच कमजोर असेल तर रंग अंगात जास्त वेळ रेंगाळतो आणि मात्रा ठरवताना ते लागतं. सिकलसेलमध्ये किडनीलाही त्रास होत असल्याने अलीकडचा क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा, रिपोर्ट सोबत न्या. कावीळ होते हा समज कुठून आला तेही उघड आहे. रंग दिल्यावर काही तास कातडी पिवळट दिसते आणि लघवी एक-दीड दिवस गडद पिवळी-नारिंगी होते. तो रंग उतरतो आहे, कावीळ नव्हे. मात्र सिकलसेलच्या मुलांचे डोळे एरवीही पिवळसर असतात, म्हणून रंग टोचण्याआधी मुलाचे डोळे कसे आहेत ते नीट बघून ठेवा. दोन दिवसांनीही पिवळेपणा पहिल्यापेक्षा जास्त वाटला तर डॉक्टरांना दाखवा. रक्ताच्या आणि लघवीच्या काही तपासण्या या रंगाने चुकतात, तेव्हा रक्त त्या दिवशी द्यायचं असेल तर रंगाच्या आधी द्या.

मात्रा मोठ्या माणसाला बहुतेक 500 मिलिग्रॅम असते. मुलांत ती वजनावर, किलोला साधारण 7.7 मिलिग्रॅम धरतात. 38 किलोला ती 290 मिलिग्रॅमच्या आसपास येते, म्हणजे 20 टक्क्यांच्या औषधाचे सुमारे दीड मिलिलिटर. शेवटचा आकडा डॉक्टरच ठरवतील, पण वजन त्याच दिवशी काट्यावर करून घ्या, अंदाजाने सांगू नका.

खरी काळजी घ्यायची ती शिरेची. या मुलांना इतक्या वेळा सलाईन लागलेलं असतं की चांगली शीर सापडत नाही. रंग शिरेबाहेर सांडला तर हात भयंकर जळजळतो आणि कातडीला इजा होऊ शकते. म्हणून कोपराच्या वळणावर किंवा हातावर आधी कॅन्युला, म्हणजे शिरेतली बारीक नळी, बसवावी, तिच्यातून साधं सलाईन ढकलून आजूबाजूची कातडी फुगत नाही ना ते बघावं आणि मगच रंग द्यावा. दंडाचा पट्टा गरजेपेक्षा जास्त वेळ आवळून ठेवू नये. अडकलेल्या रक्तातला प्राणवायू कमी होतो आणि सिकलसेलच्या पेशींना नेमकं तेच नको असतं. टोचताना जळजळ वाटली तर लगेच ओरडून सांगायचं, हे मुलाला आधीच बजावा. मोठ्यांसमोर गप्प बसणारी मुलं सोसत राहतात.

रंग 5 ते 10 सेकंदांत टोचतात. आणखी 10-15 सेकंदांत तो डोळ्यात दिसू लागतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात धडाधड फोटो निघतात, कारण धमनीतून केशवाहिनीत आणि तिथून शिरेत रंग जाताना कुठे थबकतो ते तेवढ्यातच कळतं. मग अधूनमधून, पाच-दहा मिनिटांपर्यंत. काही जणांना पहिल्या मिनिटात मळमळतं, एखादी उलटी होते आणि दोन-तीन मिनिटांत थांबते. मोठा श्वास घ्यायला सांगा, कागदी पिशवी हाताशी ठेवा. अंगावर गांध्या, खाज, घशात आवळल्यासारखं, धाप यातलं काहीही झालं तर ते वेगळं आहे, तिथल्या तिथे सांगायचं. गंभीर रिअॅक्शन विरळ असते, पण त्यासाठीच ही तपासणी डॉक्टर, अॅड्रेनॅलिन आणि ऑक्सिजन हाताशी असलेल्या जागीच करायची. दमा किंवा कुठल्याही औषधाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. ताप किंवा दुखण्याचा झटका चालू असेल तर पुढची तारीख घ्या.

डहाणूहून जाणं म्हणजे पहाटेची लोकल, गर्दी, मग रांग. मुलाला उपाशी आणि तहानलेलं नेऊ नका. रक्त घट्ट झालं की पेशी लवकर अडकतात. तपासणीच्या दोनेक तास आधी हलकं खाणं, आंबोळी किंवा भाकरी, पोट तुडुंब नको. पाणी मात्र वाटेत, रांगेत, सतत थोडं थोडं. लघवी लागेल म्हणून प्रवासात पाणी टाळायची सवय त्या दिवशी मोडा. फोटोच्या खोलीत एसी कडक असतो आणि थंडीने या मुलांना दुखणं उठतं; शाल आणि मोजे न्या. हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या नेहमीच्या वेळी द्या. बाहुली मोठी करणारे थेंब लागू पडायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि जवळचं धूसर दिसणं चार-सहा तास राहतं. उन्हात डोळे दिपतात, म्हणून टोपी किंवा गॉगल हवा. परतताना स्टेशनच्या जिन्यावर हात धरा.

एक बारीक गोष्ट: डोळ्याच्या डॉक्टरांना थेंब घालण्याआधी मुलाच्या डोळ्याचा पांढरा भाग, खालची पापणी ओढून, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. सिकलसेलमध्ये तिथल्या बारीक वाहिन्या स्वल्पविरामासारख्या तुटक दिसतात. मधल्या भागात पेशी अडकलेल्या असतात. दिव्याच्या उबेने त्या पुन्हा भरून नाहीशा होतात. निर्णय त्यावर होत नाही, पण रक्त अडकणं म्हणजे काय ते कुठल्याही महागड्या मशिनशिवाय समोर दिसतं.

पंखा सापडलाच तर घाबरून जाऊ नका. यातले बरेच पंखे स्वतःच्याच मुळाशी रक्त अडकून आपोआप सुकतात, म्हणून लहान, सपाट पंख्यावर काही डॉक्टर नुसतं लक्ष ठेवतात. वाढणारा किंवा रक्त सांडणारा असेल तर त्याच्या भोवतालच्या उपाशी पडद्यावर लेझरचे ठिपके देतात, म्हणजे नव्या वाहिन्या मागणारी हाक थांबते. दोन्ही निकाल चांगले आले तर रंगाची तपासणी दरवर्षी करायची गरज नाही. थेंब घालून तपासणी आणि रुंद फोटो पुरतो, आणि शंका आली तरच रंग.

तारखेची वाट न बघता निघायचं ते केव्हा, तेही लक्षात असू द्या. अचानक कोळ्याच्या जाळ्यासारखे काळे धागे, लालसर धूर, लखलखाट किंवा डोळ्यावर पडदा आला तर त्याच दिवशी पडद्याच्या तज्ज्ञाकडे. एका डोळ्याने एकदम, न दुखता, दिसेनासं झालं तर रक्तपेढी असलेल्या मोठ्या रुग्णालयात. डोळ्याची मुख्य धमनी अडकली असेल तर तातडीने रक्त बदलावं लागू शकतं, आणि ते नुसत्या डोळ्यांच्या दवाखान्यात होत नाही.

आता मुलगी. शाळेतल्या तपासणीत बहुतेक वेळा विद्राव्यता चाचणी करतात. तिच्यातून रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. ती वाहक आहे की रुग्ण, हे त्यातून ठरत नाही. आई-बापापैकी एकाकडून सिकल आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमिया, हा रक्ताचा दुसरा आनुवंशिक आजार, आलेली मुलंही तीत नुसती "पॉझिटिव्ह" दिसतात. म्हणून कागदावर एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी तपासणी, लिहिलंय का बघा. नसेल तर ती करून घ्या. एचपीएलसीत एएस, म्हणजे नुसती वाहक, निघालं तर पडद्याची वार्षिक तपासणी लागत नाही.

पण वाहक मुलीला एका बाबतीत जपायला हवं आणि ते फारसं कुणी सांगत नाही. विटी, चेंडू किंवा कोपर डोळ्यावर लागून बुबुळापुढे रक्त साठलं तर वाहकाच्याही पेशी तिथे विळ्यासारख्या होतात, कारण बुबुळापुढच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. त्या ताठ पेशी पाणी बाहेर जाण्याची चाळण बुजवतात आणि डोळ्यातला दाब चढतो. इतरांना सोसेल एवढ्या दाबानेही हिच्या नसेला इजा होऊ शकते. असं झालं तर डोळा चोळायचा नाही, दाबून पट्टी बांधायची नाही, वर कडक कवच किंवा कागदी कप उपडा चिकटवायचा, डोकं उंच ठेवायचं, अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन द्यायचं नाही आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या रुग्णालयात जायचं. पहिले चार-पाच दिवस रोज दाब मोजून घ्या. पुन्हा रक्त सुटण्याचा धोका तेव्हाच जास्त असतो. दाब उतरवायला एरवी सर्रास दिली जाणारी अॅसिटाझोलामाइडची गोळी, म्हणजे डायमॉक्स, रक्त आंबट करून पेशी आणखी वाकवते, म्हणून सिकल असलेल्यांना ती टाळतात. डॉक्टरांना ती वाहक आहे हे माहीतच नसेल तर ते टाळणार कसे? मुलीच्या शाळेच्या ओळखपत्रामागे एक चिठ्ठी चिकटवा: "सिकलसेल वाहक. डोळ्याला मार लागल्यास डायमॉक्स देऊ नये, रोज दाब तपासावा."